बैल निघाला का?

पांढुर्ण्यात त्याला नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे ‘ब्यूरो’ म्हणतात. व्हिजिटिंग कार्डावर ‘ब्यूरो चीफ’ असं त्यानं स्वतःच छापून घेतलं, तेही माझ्या दुकानात, आणि निम्म्या कार्डांचे पैसे अजून यायचे आहेत. गावानं त्यातलं ‘चीफ’ उधारीत वळतं करून घेतलं आणि ‘ब्यूरो’ तेवढं ठेवलं. असा एक ब्यूरो सौंसरलाही आहे. लोधीखेड्यात, मोहगावात, जिथं म्हणून ठाणं किंवा बाजार आहे तिथं एकेक असतोच. आमचा वेगळा एवढ्यासाठी, की त्याला नुसती बातमी द्यायची नाही. त्याला गोष्ट सांगायला शिकायचं आहे. हा नाद जडल्यापासून गावात कुणाला साधं आजारी पडायचीही सोय राहिलेली नाही.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान कचेरीसमोर. त्यामुळं त्याची बातमी छापून येण्याआधी माझ्या डोळ्यांखालून जाते. पुष्कळदा तेवढीच जाते, छापून येत नाही. वय अठ्ठावीस. अंगात खिशांचं खाकी जाकीट, मे महिन्यातही. मोबाइलवर स्वतःचं चॅनल. माइकवरचा ठोकळा थर्माकोलचा, चारी बाजूंना चॅनलचं नाव. त्यातली एक बाजू उंदरानं खाल्ली आहे, ती तो कायम स्वतःकडं वळवून धरतो. मोटरसायकलवर पुढं-मागं लाल अक्षरांत ‘प्रेस’. गाडी त्याच्या मेव्हण्याची आहे आणि मेव्हणा खताच्या दुकानात काम करतो, म्हणून अधूनमधून युरियाची दोन पोती घेऊन ‘प्रेस’ शेतावर जाताना दिसते.

बाहेरच्या लोकांना वाटतं की पत्रकाराला पगार असतो. इकडं पेपराची एजन्सी मिळते, आणि बातमीदारी तिच्या पाठोपाठ येते. पहाटे गठ्ठे उतरवायचे, पोरांना वाटून द्यायचे, महिनाअखेर वसुली करायची, मधल्या वेळात बातमी. मिळकत ती जाहिरातीच्या कमिशनची, पंधरा टक्के. म्हणून २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि दिवाळी हे ब्यूरोचे सुगीचे दिवस. त्या पंधरवड्यात तो कुणाविरुद्ध काही लिहीत नाही. सरपंच, ठेकेदार, कृषी केंद्रवाले, हात जोडलेल्या फोटोसकट सगळे ‘शुभेच्छुक’ होतात, आणि मग सोळा ऑगस्टला त्यांच्यातल्या दोघांचा गैरव्यवहार उघडकीस येतो.

त्याचं स्वप्न एकच होतं, अधिमान्यता. मध्य प्रदेशात सरकारचं जनसंपर्क खातं पत्रकाराला अधिमान्य ठरवतं, तसं कार्ड मिळतं. ते अजून मिळालेलं नाही. पण बढती मात्र आपोआप मिळाली. ऑगस्ट २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांनी जामसावळीच्या मारुतीपुढं पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा केली, आणि ५ ऑक्टोबरला पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांचा जिल्हा छिंदवाड्यातून वेगळा निघाला. ब्यूरो आदल्या रात्री झोपला तो ‘तहसील संवाददाता’ होता, उठला तो ‘जिला ब्यूरो’. खुर्ची तीच, गठ्ठे तेच. नवी कार्डं तेवढी लागली.

सौंसरच्या ब्यूरोला हे लागलं. तो म्हणतो, घोषणा आमच्या मारुतीसमोर आणि जिल्हा तुमचा? त्यांच्या जामसावळीचा मारुती निजलेला आहे. मूर्ती आधी उभी होती, खाली धन होतं, चोर ते उकरायला आले तेव्हा देव स्वतःच धनावर आडवा झाला, असं सांगतात. सौंसरचा ब्यूरो ही गोष्ट दर हनुमान जयंतीला लिहितो आणि दर वर्षी चोरांची संख्या वाढवतो. आमच्या ब्यूरोचा त्याच्यावर आक्षेप चोरांच्या संख्येचा नाही. त्याचं म्हणणं, त्यात ‘नायकाचा संघर्ष’ दिसत नाही, नायक झोपलेला आहे.

हा संघर्ष कुठून आला ते सांगतो. पण त्याआधी आमच्या भाषेची थोडी अडचण सांगायला हवी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची वाटणी झाली, विदर्भ उचलून मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. संत्री तीच, कापूस तोच, सोयरिकी वरूड-काटोलकडच्या, कागद मात्र हिंदी. आमच्याकडं भांडण मराठीत होतं, एफआयआर हिंदीत लिहिला जातो, बातमी हिंदीत येते आणि समेट पुन्हा मराठीत होतो. ब्यूरो पत्रकार दिनसुद्धा दोन साजरे करतो. ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या १८३२ च्या ‘दर्पण’साठी, आणि ३० मेला कलकत्त्याच्या १८२६ च्या ‘उदन्त मार्तण्ड’साठी. दोन्हीकडं भाषण, दोन्हीकडं शाल-नारळ. हिंदीतलं ते पहिलं साप्ताहिक पैशाअभावी दीड वर्षात बंद पडलं, एवढा भाग तो भाषणात घेत नाही. जाहिरातदार समोर बसलेले असतात.

सुरुवातीला तो विज्ञप्तींवर शिकला. विज्ञप्ती म्हणजे कार्यक्रमवाल्यांनी स्वतःच लिहून दिलेली बातमी. तिच्यात सगळं तयार असतं: अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, आभार, आणि शेवटी ‘कार्यक्रम हर्षोल्लास के साथ संपन्न हुआ’. एवढं वाक्य त्याला इतकं वळणी पडलं की एका सरपंचाच्या आईच्या तेरवीची बातमीही हर्षोल्लास के साथ संपन्न झाली. सरपंच पेपर घेऊन आला. आम्हाला वाटलं आता हा ब्यूरोच्या कानाखाली काढणार. तो एवढंच म्हणाला, “खरं लिवलं रे, पन लिवाचं नसते.” पत्रकारितेचा इतका नेमका धडा मी दुसरीकडं ऐकलेला नाही. ब्यूरोनं तो टिपून घेतला नाही, कारण सरपंच तज्ज्ञ नव्हता.

तज्ज्ञ त्याला भोपाळला भेटले. तिथल्या कुठल्याशा कार्यशाळेला तो गेला आणि निराळाच होऊन आला. गळ्यात पट्टा, बगलेत फाइल आणि तोंडी मंत्र: “खबर नहीं, कहानी.” आजवर कोण, काय, कुठं, कधी, का आणि कसं या सहा ककारांवर त्याचं भागत होतं. आता प्रत्येक बातमीला नायक पाहिजे, त्याच्यासमोर अडथळा पाहिजे, मध्ये वळण पाहिजे आणि पहिल्याच ओळीत वाचकाची गचांडी धरता आली पाहिजे. परतल्याच्या दिवशी त्यानं पाण्याच्या टँकरवाल्याला गाठलं. माइक पुढं केला. “तुमच्या जीवनातला सर्वांत मोठा संघर्ष कोणता?”

टँकरवाल्यानं जरा विचार केला. “क्लच.”

“तसा नाही. आतला.”

“आतलाच ना बाप्पा. प्लेट गेली.”

मग त्यानं कोर्टाच्या शिपायाला, पाणीपुरीवाल्याला, शेवटी मला विचारलं. मी म्हटलं, तुझी उधारी. ते त्यानं लिहून घेतलं नाही.

या नादात एक मात्र बरं झालं. तो गावाबाहेर पडला. संत्र्यावर काहीतरी मोठं लिहायचं म्हणून नांदनवाडीकडच्या एका म्हाताऱ्या बागाइतदाराकडं गेला आणि दिवसभर बसून राहिला. अडथळा काय, वळण कुठं, असं सगळं विचारून झालं. म्हाताऱ्यानं त्यातलं एकही उत्तर दिलं नाही. तो आपला आंबिया बहाराचं सांगत होता. झाडाला फूल पाहिजे असेल तर आधी पाणी तोडावं लागतं, त्याला ताण देणं म्हणतात. “डिसेंबरात पानी बंद कराचं. जमीन भारी असन तं दीड-दोन महिने, हलकी असन तं महिनाभर. पानं मलूल होते. येनारा-जानारा म्हन्ते, गेला बुढ्याचा बगीचा. आपन काही बोलाचं नाही. मंग खत घालून पानी सोडलं का बार असा फुटते का पान दिसत नाही.”

ब्यूरो ताडकन उठला. कार्यशाळेत जे समजलं नव्हतं ते त्याला इथं समजलं. गोष्टीचंही हेच! पाणी तोडायचं. वाचकाला मलूल होऊ द्यायचं. मग शेवटी सोडायचं. तो इतक्या घाईनं निघाला की म्हाताऱ्याचं पुढचं वाक्य त्यानं अर्धवटच ऐकलं. ते मला नंतर म्हाताऱ्यानंच सांगितलं. “आन् ताण जास्त झाला का मंग सरपन.”

ताणाचा पहिला प्रयोग नळाच्या पाण्यावर झाला. मोठी पाइपलाइन दुरुस्त व्हायची होती, दोन दिवस पाणी येणार नव्हतं, तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला एकच तास येणार होतं. बातमी खरं तर दोन ओळींची. ब्यूरोनं ती एका रिकाम्या घागरीपासून सुरू केली. घागर, तिच्यावर पडलेलं ऊन, तिच्याकडं बघणारी म्हातारी, म्हातारीच्या आठवणीतली जाम नदी. पाणी कधी येणार हे शेवटच्या परिच्छेदात.

आता पेपराच्या डेस्कावर बसलेल्या माणसाचं काम समजून घ्या. त्याच्याकडं जागा असते चार बोटं आणि मजकूर येतो वीतभर. एवढ्या वेळात कोण सगळं वाचतो? तो खालून कापतो. शंभर-सव्वाशे वर्षं पेपरवाले बातमी उलट्या पिरॅमिडसारखी लिहितात, महत्त्वाचं वर आणि फापटपसारा खाली, त्याचं एक मोठं कारण ही खालून चालणारी कात्री. ब्यूरोनं पिरॅमिड सुलटा केला आणि कात्रीनं नेमकं पाणी कापलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला नळ आला, सातला गेला, आणि आठ वाजता बाया रिकाम्या घागरी घेऊन ब्यूरोच्या दारात. त्याला पहिल्यांदाच एवढा वाचकवर्ग एकत्र बघायला मिळाला.

दुसरा प्रयोग बैलाचा. हा इतिहासात जाईल.

तिगावकडच्या एका शेतात बैल विहिरीत पडला. अशा वेळी गाव कसं धावतं ते सांगायला नको. दोर आले, बाजा आल्या, सल्ले देणारे आले. दोन तासांनी बैल निघाला. ब्यूरो तिथं हजर होता आणि मी कबूल करतो, त्यानं लिहिलं छान. विहिरीच्या काठावरची माणसं, आतून येणारा श्वासाचा आवाज, मालकाची बायको बैलाला नावानं हाक मारतेय, दोर बांधायला आत उतरलेला पोरगा. अकरा परिच्छेद. त्यातल्या पाचव्याच्या शेवटी पहिला दोर तुटतो. पुढं जेसीबी येतो, दुसरा दोर येतो, बैल वर येतो, अंग झटकतो आणि सरळ कडब्याकडं जातो.

डेस्कनं पाच परिच्छेद घेतले. छापून आलेली बातमी “तभी रस्सी टूट गई” इथं संपत होती आणि खाली लगेच शिलाई मशीनची जाहिरात होती.

सकाळी साडेसातपासून माझ्या दुकानात माणसं. “बैल निघाला का?” झेरॉक्स कुणाला नको होतं. पानठेल्यावर पैजा लागल्या. बसस्टँडवर दोघांचं वाजलं. एक म्हणे, शिलाई मशीन दाखवली म्हणजे बैल गेलाच. बैलवाल्याच्या वरूडला दिलेल्या मुलीचा फोन आला, ती रडतच होती. सोयरे भेटायला आले, तोंड पाडून ओट्यावर बसले, आणि गोठ्यातून हंबरणं ऐकू आलं तेव्हा ओशाळून चहा पिऊन गेले. दुपारी तर पटवारीच पोचला. गुरं दगावली की राजस्व पुस्तक परिपत्र ६-४ खाली मदतीचं प्रकरण बनतं का हे बघायचं असतं, त्याला वरून विचारणा झाली होती. “मेलेला बैल दाखवा,” म्हणाला. शेतकऱ्यानं बैलाकडं पाहिलं. पटवारी सांगतो की तो जरा जास्तच वेळ पाहत होता.

ब्यूरोची त्या आठवड्यात जी चाल होती ती मी विसरणार नाही. रस्त्यानं जाताना लोक थांबवून विचारत, आणि तो उत्तर द्यायचा नाही. “वाचत राहा,” म्हणायचा. आपली गोष्ट का गाजली हे त्याला अजून उमगलेलं नाही. त्याला वाटतं ती ताणानं गाजली. ती कात्रीनं गाजली, पण डेस्कवरच्या माणसाचं नाव बातमीला लागत नाही.

आमच्याकडं एक निवृत्त मास्तर आहेत. ते रोज अकराला माझ्याकडं फुकट पेपर वाचायला येतात. त्यांनी ब्यूरोला बसवून घेतलं. म्हणाले, “तू वीतभर लिहितोस म्हणून कापतात. माधवराव सप्रे माहीत आहेत?” ब्यूरोनं मान हलवली, ती दोन्ही दिशांना. मास्तर सांगू लागले. दमोहकडच्या पथरियात १८७१ साली जन्मलेला मराठी घरातला माणूस. १९०० साली पेंड्रासारख्या आडगावातून ‘छत्तीसगढ मित्र’ नावाचं हिंदी मासिक काढलं. १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला, पुढल्या वर्षी राजद्रोहात पकडले गेले. “आणि १९०१ साली त्यांनी एक गोष्ट छापली, ‘एक टोकरी भर मिट्टी’. एका जमीनदारानं विधवेची झोपडी घेतली. ती म्हणते, मला चुलीपुरती इथली टोपलीभर माती नेऊ द्या. माती भरते आणि त्यालाच म्हणते, टोपली जरा उचलून द्या. त्याला ती उचलत नाही. बाई म्हणते, एक टोपली उचलत नाही, तर सगळ्या जमिनीचा भार जन्मभर कसा उचलाल? झालं. झोपडी परत. पानभराची गोष्ट आहे. हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये धरतात तिला. घरी मराठी, लिहिणं हिंदी, तुझ्यासारखंच. काय कापणार त्यातलं?”

ब्यूरो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, घाव बसला. मग त्यानं विचारलं, “सर, ते अधिमान्य होते का?”

मास्तर त्या दिवशी पेपर अर्धा टाकून गेले.

मग गोटमार आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, चंडीमातेची पूजा होते, आणि मग या काठावरून पांढुर्णा आणि त्या काठावरून सावरगाव, दिवसभर एकमेकांवर दगड. जो झाड तोडून झेंडा नेईल तो जिंकला. माणसं मेली आहेत यात, दर वर्षी शेकड्यांनी डोकी फुटतात. प्रशासन मनाईचे आदेश काढतं. मागं एकदा गोट्यांच्या जागी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते काही टिकलं नाही. कारण म्हणून जी कथा सांगतात ती देशभरच्या वाचकाला आता तोंडपाठ आहे: पांढुर्ण्याचा पोरगा, सावरगावची पोरगी, पळून जाताना नदीत गाठले गेले, दोन्हीकडून दगड. काही जण ते मोडून काढतात आणि भोसल्यांच्या सैन्याची तालीम होती म्हणतात, पण त्यात पोरगी नसल्यामुळं ती आवृत्ती चालत नाही.

पेपराला त्या दिवशी एकच गोष्ट लागते, आकडा. दर तासाला डेस्कचा फोन. “घायल कितने?” ब्यूरो आरोग्य शिबिराच्या मांडवाशी उभा राहून पट्ट्या मोजतो. यात एक गोची अशी की पट्टी बांधलेला माणूस परत नदीत जातो आणि तासाभरानं दुसरी पट्टी बांधायला येतो. हा एक जखमी की दोन? सौंसरचा ब्यूरो दोन धरतो.

यंदा मात्र आमच्या ब्यूरोला आकडा नको होता, नवीन कोन हवा होता. तो काठाकाठानं हिंडला, म्हाताऱ्यांना माइक दाखवला, सगळ्यांनी पळून गेलेल्या पोरीची तीच कथा सांगितली. संध्याकाळी दमून घरी आला, तर आजी ओसरीवर तूर निवडत बसलेली. आजी सावरगावची, दिली पांढुर्ण्यात. तिचं माहेर आणि सासर वर्षातून एक दिवस एकमेकांवर दगड मारतं हे ब्यूरोला जन्मापासून माहीत होतं, पण त्याची विज्ञप्ती कधी आली नव्हती. आजोबांच्या कपाळावर मोठी खोक होती. ते बंडीवरून पडले होते, असं घरात सांगत. त्यानं सहज मोबाइल सुरू केला आणि म्हणाला, “आजी, तुझा संघर्ष काय?”

“तू,” आजी म्हणाली. आणि मग तुरीतून डोकं न काढता सांगत गेली.

“लग्नाचं पयलंच साल. पोयाचं पुरन उरलं होतं. करीच्या दिवशी माह्यी सासू म्हने, नदीवर जाऊ नोको. म्या म्हनलं, नाही जात. माडीवरून समदं दिसे. इकून तुहा आजा, तिकून माह्या भाऊ. मले समजेना देवाले मांगू काय.”

“मंग?”

“मंग काय, तव्यावर पोयी होती. थे उलटाले गेली.”

“अन् नदीत काय झालं?”

“म्या कुठं पायलं? पोयी करपली, हे पायलं. सांजच्याले आजा आला, कपायाले गमछा बांधून. म्या इचारलं नाही कोनं मारला. त्यानं सांगतलं नाही. रातच्याले माह्या भाऊ आला जेवाले, जसं काही झालंच नाही. दोघं एका पंगतीत बसले. म्या करपलेली पोयी भावाले वाढली. त्यानंय मुकाट्यानं खाल्ली.”

मी ते ध्वनिमुद्रण ऐकलं आहे. सव्वा दोन मिनिटं. नायक, अडथळा, वळण, काय पाहिजे ते काढा. ब्यूरोनं रात्री बसून ते शब्दाला शब्द हिंदीत लिहिलं, एकही घागर, एकही ऊन न घालता. सकाळी त्याच्या नावानं मागच्या वर्षीच्या फोटोसकट जखमींच्या आकड्याची बातमी आली. आजी नव्हती. मग त्यानं ती आपल्या चॅनलवर टाकली, आणि दोन दिवसांत दोन्ही काठ पेटले.

इथं त्याच्यातला पत्रकार जागा झाला, हे त्याचं श्रेय मी देईन. गोष्ट गाजल्यावर तो खात्री करायला निघाला. जगात हे उलट करतात, पण करतात किती? तो पूल ओलांडून आजीच्या भावाकडं गेला. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, खाटेवर. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्या गोटा मारला? म्या तं त्या साली नागपूरले एम्प्रेस मिलमंधी होतो. पोयाले आलोच नोहोतो.” ब्यूरोचं तोंड उतरलं. तो निघणार एवढ्यात मागून म्हातारा बोलला, “पन पोयी लय करपली होती.”

हे घेऊन तो माझ्या दुकानात बसला आहे असं अजून डोळ्यांपुढं येतं. सहा ककारांपैकी ‘कधी’ला टेकू नाही, ‘कोण’ नागपूरला, आणि ‘काय’ मात्र दोन्ही काठांना मान्य. परत आजीकडं गेला तर तिथं सावरगावची मंडळी बसलेली. आजी त्यांना सांगत होती, पहिला गोटा आजोबानंच मारला होता. त्याआधी सकाळी पांढुर्ण्याचे लोक येऊन गेले, त्यांच्या वेळी तो सावरगावचा होता.

“आजी, खरं कोणतं?”

“कोन इचारते त्याच्यावर हाय.”

“आणि आजोबांची खोक? ते बंडीवरून पडले होते ना?”

“थे बी होते,” आजी म्हणाली.

मास्तरांनी हे ऐकलं आणि पुन्हा पेपर वाचायला यायला लागले. ब्यूरोनं भोपाळची फाइल माझ्याकडं रद्दीत दिली, पाठकोऱ्या कागदांचे पैसे उधारीतून वळते करायला सांगितले. आता तो रोज संध्याकाळी आजीसमोर बसतो. तिच्याकडं गोठी पुष्कळ: पहिल्या रेल्वे प्रवासाची, संत्र्याच्या दलालाची, लग्नातून उठून गेलेल्या नवरदेवाची. चॅनल चाललं. एका सराफानं जाहिरात दिली, अर्ध्या मिनिटाची. ब्यूरोनं विचार करून ती बरोबर ‘पोयी उलटाले गेली’च्या नंतर घातली.

आजीला हे शेजारच्या पोरीच्या मोबाइलवर कळलं. तिनं ब्यूरोला बोलावून घेतलं.

“माह्या गोठीच्या मंदात थो सोनार काहून आला?”

“लोक तिथंच थांबतात, आजी. पुढं काय झालं म्हणून.”

“म्हंजे म्या थांबवते अन् पैसे तू घेते?”

ब्यूरोनं तिला पेपराची पद्धत समजावून सांगितली. पगार नसतो, कमिशन असतं, पंधरा टक्के. आजीनं तूर बाजूला सारली आणि वीस सांगितले. बोलणी तिथंच अडली आहेत. नवरदेव मांडवातून उठून दारापर्यंत पोचलाय, आणि आजी आठ दिवस झाले, त्याच्यापुढं एक शब्द बोलायला तयार नाही.